मत्वाराचा धक्का आणि आमच्याकडची बी

हे प्रकरण सिंधुदुर्गातल्या एका काजू कारखानदाराचं. माणसं, गाव, बँक आणि रकमा ओळखू येऊ नयेत इतपत बदलल्या आहेत, घटनांचा क्रम मात्र आहे तसाच ठेवलाय. मी तेव्हा एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात होतो आणि ही फाइल माझ्या टेबलावरून गेली. 'चीन आफ्रिकेत काय करतोय' या मोठ्या गोष्टीचं हे एक लहानसं टोक आहे असं आम्हाला पहिल्या दिवशी वाटलं. तिथेच आमचं चुकलं.

पार्श्वभूमी

कारखानदाराला आपण दादा म्हणू. कारखान्यातल्या बायकाही त्याला दादाच म्हणतात. वडिलांच्या काळात परसात भट्टी होती. दादाने पत्र्याची शेड टाकली, बॉयलर बसवला, पायाने चालवायचे कटर आणले. दिवसाला एक टन बी फोडायची ताकद आणि कामाला ३८ बायका.

आपल्याकडची बी फेब्रुवारीच्या शेवटी सुरू होते आणि मेमध्ये संपते. एप्रिलमध्ये ज्याच्या हातात रोकड असते तो बी भरून ठेवतो आणि वर्षभर कारखाना चालवतो. ज्याच्याकडे नसते त्याचं कोठार गणपतीच्या आसपास तळाला लागतं. मग परदेशी बी. पश्चिम आफ्रिकेचा हंगाम जवळपास आपल्याच वेळचा, पण टांझानिया आणि मोझांबिकची बी ऑक्टोबर ते जानेवारीत येते, नेमकी आपली कोठारं रिकामी असताना. म्हणून कोकणातल्या कारखान्यांना दक्षिण टांझानियाच्या मत्वारा आणि लिंडी भागाचं फार महत्त्व. काजू दोन्ही किनाऱ्यांवर आणला तो पोर्तुगीजांनीच, तेव्हा हे नातं तसं जुनं.

दादा स्वतः आयात करत नव्हता. मंगळूरच्या एका व्यापाऱ्याकडून घ्यायचा. व्यापारी चांगला लॉट मोठ्यांना देई आणि उरलेला दादाला. ऐंशी किलोच्या पोत्यात किती पाउंड गर निघेल यावर बीचा दर ठरतो. दादाला सांगितलेले पाउंड आणि प्रत्यक्षात निघणारे पाउंड यांत दर खेपेला दोन-तीनचा फरक पडायचा. धंद्यातला सगळा नफा त्या दोन-तीन पाउंडांतच असतो.

अडचण

२०१७ च्या हंगामानंतर कारखाना वर्षातून सहा-सात महिनेच चालू लागला. बी महाग झाली होती आणि व्हिएतनामचे कारखाने यंत्रावर फोडणी करून आफ्रिकेतली बी मोठ्या प्रमाणावर उचलत होते. दादाची अडचण एका वाक्यात मांडता येते: नोव्हेंबर ते फेब्रुवारी फोडायला बी नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढच्या चार महिन्यांत ते आम्ही सगळेच विसरलो.

प्रस्ताव

जून २०१८ मध्ये कोचीच्या एका प्रदर्शनात दादाची गाठ टांझानियातल्या दार-एस-सलाम शहराच्या एका कच्छी व्यापाऱ्याशी पडली. कुटुंब तिसऱ्या पिढीपासून तिथलं, गुजराती आणि स्वाहिली सारख्याच सफाईने बोलणारा माणूस. त्याचं म्हणणं असं: मत्वारात फोडणीचा कारखाना काढू. बी दाराशी मिळेल आणि कच्च्या बीवरचा निर्यात करही वाचेल. तो कर किमतीच्या १५ टक्के किंवा टनामागे १६० डॉलर, यांतलं जे जास्त ते. यंत्रं चीनहून येतील, गर आखातात आणि चीनमध्ये विकू. चाळीस टक्के भागीदारीसाठी दादाचे साठ लाख.

प्रस्तावाची छापील वही आली. तिची जवळजवळ अर्धी पानं चीनवर होती. २०१३ मध्ये शी जिनपिंग राष्ट्राध्यक्ष झाल्यावर पहिल्याच परदेश दौऱ्यात टांझानियाला गेले, त्याच वर्षी रस्ते-बंदरांच्या बेल्ट अँड रोड योजनेची घोषणा झाली, २००९ पासून चीन आफ्रिकेचा सगळ्यात मोठा व्यापारी भागीदार आहे, मत्वाराहून दार-एस-सलामला चिनी कर्जातून गॅसवाहिनी गेली, बंदराचा नवा धक्का चिनी कंपनी बांधतेय. सगळं खरं होतं. काजूवर चार पानं होती.

ऑगस्टमध्ये दादा जाऊन आला. बँकेत आला तो मोबाइल पुढे करूनच. क्रेन, खडी, निळ्या हेल्मेटातले चिनी इंजिनियर, रिकामा गुळगुळीत रस्ता. "रस्तो बघलंय, बंदर बघलंय. साहेब, आता आणखी काय व्हया?"

सोबत मूठभर बी आणली होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत. ती त्याने दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या सगळ्यात जुन्या बाईंपुढे ठेवली. मी तिथेच होतो. टरफलाच्या तेलाने त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची कातडी काळी आणि चिवट झालीय. त्यांनी राखेत बोटं बुडवली, दहा बिया फोडल्या, गर एका ओळीत मांडले. नऊ पांढरे, एक डागी. "बी बरी हा," म्हणाल्या. मग दादाकडे न बघताच विचारलं, "पण थंयसर फोडलात तर हंयसर आमी काय फोडूचा?"

दादा हसला. मीही हसलो. संपूर्ण प्रकरणातला सगळ्यात कामाचा प्रश्न तो होता आणि आम्ही दोघांनी तो विनोदावर नेला.

फाइलमधला 'चीन' म्हणजे कोण

माझं काम जोखीम तपासायचं. पंधरा दिवस मी एकच गोष्ट केली: वहीत जिथे जिथे 'चिनी' हा शब्द होता तिथे पेन्सिलीने लिहिलं की हा चिनी कोण? ठेकेदार, सावकार, मालक की दुकानदार?

मत्वाराच्या धक्क्यावर चिनी होता तो ठेकेदार. काम टांझानियाच्या बंदर प्राधिकरणाचं, पैसा त्यांचा. उद्या काम संपलं की तो क्रेन गुंडाळून जाणार. गॅसवाहिनीत तो सावकार होता: चीनच्या एक्झिम, म्हणजे आयात-निर्यात बँकेचं सुमारे १.२ अब्ज डॉलर कर्ज, बांधणारे चिनी, मालकी आणि फेडायची जबाबदारी टांझानियाची. दार-एस-सलामच्या उत्तरेला बागामोयोचं दहा अब्ज डॉलरचं बंदर ठरलं होतं. तिथे तो मालक व्हायला निघाला होता आणि ते काम कागदावरच होतं. दादाच्या यंत्रांपुरता तो निव्वळ दुकानदार, पैसे घेऊन यंत्र देणारा. चार वेगळे लोक आणि चौघांचे हितसंबंध वेगळे. वहीत ते एकाच हत्तीचे पाय असल्यासारखे रंगवले होते.

आणि तिथे चीन एकटा नव्हता. त्याच देशात नव्या रुंद रेल्वेचे पहिले टप्पे एक तुर्की कंपनी बांधत होती. व्हिक्टोरिया सरोवराचं पाणी ताबोराकडे नेणारी योजना भारताच्या एक्झिम बँकेच्या कर्जावर उभी राहत होती. आपण या खेळात नुसते बघे नाही, हे आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. नव्वदच्या दशकात जागतिक बँकेच्या आग्रहाने मोझांबिकने कच्च्या काजूवरचा निर्यात कर उतरवला. बी बोटीत भरून भारतात आली, तिथले कारखाने बंद पडले आणि हजारो कामगार घरी बसले. त्या वर्षांत इकडची शेड कुणाच्या जिवावर चालली हा प्रश्न आम्ही कधी विचारला नव्हता.

विरोधी बाजूही आली. दादाचा भाचा मर्चंट नेव्हीत, तो श्रीलंकेच्या हंबनटोटा बंदराजवळून गेलेला. त्याचा निरोप: "मामा, चीन आधी कर्ज देतो, मग देश गिळतो. जाऊ नको." हंबनटोटाचं खरं पाहिलं तर चित्र जरा वेगळं आहे. डिसेंबर २०१७ मध्ये ते बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे गेलं, सुमारे १.१२ अब्ज डॉलरला. पण त्या पैशाने बंदराचं कर्ज मिटलं नाही, तो श्रीलंकेच्या परकीय गंगाजळीत गेला. आणि श्रीलंकेच्या मानेवरचं मोठं ओझं खुल्या बाजारात विकलेल्या रोख्यांचं होतं. म्हणजे वाईट नाही असं नाही. बंदर गेलं ते गेलंच. पण 'गिळला' हा शब्द हिशेबाच्या वहीत लिहिता येत नाही.

एकीकडे 'चीन आला म्हणजे भाग्य उजळलं', दुसरीकडे 'चीन आला म्हणजे संपलं'. दादा या दोन टोकांत हेलकावे खात होता आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा.

कर्ज समितीची बैठक

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात विषय समितीपुढे आला. पर्याय चार निघाले.

पहिला, मागितल्याप्रमाणे साठ लाख देणं. यात एक गोम होती. अर्जात कारण लिहिलं होतं 'खेळतं भांडवल', पण पैसा जाणार होता देशाबाहेर भागभांडवल म्हणून. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, मात्र अशा भांडवली कामासाठी बँकेने त्याला कर्ज देऊ नये असा नियम आहे. म्हणजे आम्ही दिले असते तर डोळे झाकून दिले असते. इतक्या साध्या कारणाने विषय तिथेच संपायला हवा होता. संपला नाही, कारण दोन संचालकांना प्रस्ताव मनापासून आवडला होता आणि 'मार्ग काढू' हे आमच्याकडे फार लाडकं वाक्य आहे.

दुसरा पर्याय, मंगळूरच्या व्यापाऱ्याला वगळून तीन-चार छोट्या कारखानदारांनी मिळून थेट कंटेनर आणणं. तिसरा, एप्रिलमध्ये स्थानिक बी भरून ठेवायला मोठी कर्जमर्यादा आणि कोरडं गोदाम. चौथा, काहीच न करणं.

गुहागरकडचे एक जुने संचालक तासभर गप्प होते. मग म्हणाले, "आमच्याकडे पण आधी रस्ताच आला होता." एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पाचं त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. १९९३ मध्ये करार, १९९५ मध्ये नव्या सरकारने तो रद्द केला, मग फेरबोलणी, १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू आणि २००१ मध्ये वीज मंडळाने वीज घेणंच थांबवलं, कारण दर परवडेना. वीज डॉलरशी बांधलेली, वर केंद्राची हमी. "तेव्हा पण सगळे अमेरिकेबद्दल बोलत होते," ते म्हणाले. "बुडवलं ते दराच्या कलमाने. आणि सरकार कुणाचं, त्याने. या वहीत तिथल्या सरकारवर एक तरी पान आहे का?"

नव्हतं.

मग मी मत्वाराविषयी, चीन बाजूला ठेवून, वाचायला घेतलं. मे २०१३ मध्ये त्याच गॅसवाहिनीवरून मत्वारात दंगल झाली होती, सैन्य उतरवावं लागलं. लोकांचं म्हणणं होतं की गॅस आमच्या समुद्रातला, मग तो दार-एस-सलामला का, इथेच कारखाने काढा. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. काजूची कथा त्याहून जुनी. सत्तरच्या दशकात जागतिक बँकेच्या पैशावर तिथे डझनभर काजू कारखाने बांधले, यंत्रं इटलीची आणि जपानची. बहुतेक पुऱ्या क्षमतेने कधी चाललेच नाहीत, पुढे काहींची गोदामं झाली. शिवाय तिथे बी शेताच्या बांधावर विकत घेता येत नाही. शेतकरी सहकारी संस्थेच्या गोदामात माल टाकतो, पावती घेतो आणि लिलाव होतो. 'बी दाराशी' हे वहीतलं वाक्य त्यामुळे अर्धंच खरं होतं. बी दाराशी असेल, पण बोली सगळ्यांबरोबर लावावी लागेल, आणि बोलीत व्हिएतनामवाले असतील.

समितीने पहिला पर्याय नाकारला. नियमाचं कारण इतिवृत्तात गेलं, बाकी चर्चा हवेत राहिली. दादाला आम्ही तिसऱ्या पर्यायासाठी अर्ज करायला सांगितलं. तो रागावून गेला. जाताना बोलला नाही, पण सप्टेंबरमध्येच त्याने बायकोचे दागिने आणि ठेव मोडून सात लाख भागीदाराकडे पाठवले होते, जागेचा बयाणा म्हणून. हे आम्हाला पुढे कळलं.

नोव्हेंबर २०१८

टांझानियात हंगाम उघडला आणि लिलाव अडला. व्यापाऱ्यांचा दर शेतकऱ्यांना मान्य नव्हता. राष्ट्राध्यक्ष जॉन मगुफुली यांनी नोव्हेंबरमध्ये व्यापाऱ्यांना बाजूला सारलं आणि सगळं पीक सरकार किलोला ३,३०० शिलिंगने घेईल असं जाहीर केलं. आपल्या पैशात साधारण शंभर रुपये. माल उचलायला लष्कराच्या ट्रकांचा ताफा मत्वारात आला. सरकारने बी घेतली खरी, पण पुढे विकणं जमेना. माल महिनोन्महिने गोदामात पडून राहिला.

गंमत अशी की या सगळ्यात चीन कुठेच नव्हता. धक्का होता, रस्ता होता, क्रेन होती. फक्त बी नव्हती. आम्ही चार महिने हत्तीकडे बघत बसलो आणि मांजर आडवं गेलं ते दिसलंच नाही.

पुढच्या जूनमध्ये मगुफुलींनी बागामोयोच्या अटींवर उघड टीका केली. ३३ वर्षांची हमी आणि ९९ वर्षांचा भाडेपट्टा अशा अटी वेडा माणूसच मान्य करेल, असा त्यांचा सूर होता. काम थांबलं. कर्जदार देश म्हणजे निव्वळ बळी, असं मानणाऱ्यांनी हा प्रसंग पाहावा. छोट्या गुंतवणूकदारासाठी मात्र त्यातला अर्थ वेगळा: जे सरकार दहा अब्जांच्या पाहुण्याला दारातून परतवू शकतं, ते चाळीस टक्क्यांच्या भागीदाराला विचारणारही नाही.

परिणाम

मत्वारातला कारखाना झाला नाही. सात लाखांपैकी तीन परत आले, तेही दोन हप्त्यांत. भागीदार लबाड नव्हता. जागेचा भाडेपट्टा त्याच्याही अंगावर पडला.

साठ लाख वाचले म्हणून आम्ही बँकेत एकमेकांची पाठ थोपटली. पण त्याच हिवाळ्यात टांझानियाची बी बाजारातून जवळपास नाहीशी झाली, मंगळूरच्या व्यापाऱ्याकडे जी होती तिचे भाव चढले आणि दादाची शेड जानेवारी ते मार्च २०१९ बंद राहिली. कर्ज नाकारल्याने मूळ अडचण सुटली नव्हती, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बी नाही ती नाहीच. जून २०१९ मध्ये केंद्र सरकारने काजूगराची किमान आयात किंमत वाढवली, तुकड्याला किलोला ६८० आणि अख्ख्या गराला ७२० रुपये. बाहेरच्या स्वस्त गराचा दाब थोडा हटला. गर विकायला बरे दिवस आले, पण फोडायला बी हवी ना.

२०२० च्या मार्चमध्ये गोदामाचं कर्ज मंजूर होऊन दादा बी भरायला बसला आणि टाळेबंदी आली. ते साल कसं गेलं ते लिहीत नाही. २०२१ पासून मात्र तो पाडव्याआधीच दहा-बारा बागायतदारांना उचल देतो, वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जातींची टपोरी बी वेगळी ठेवतो आणि वेंगुर्ला काजूच्या भौगोलिक मानांकनाचा शिक्का पाकिटावर लावून मुंबईत विकतो. कारखाना आता नऊ महिने चालतो.

वेगळं काय करता आलं असतं

प्रस्ताव आला त्या दिवशी दादाने आपल्या अडचणीचं ते एक वाक्य कागदावर लिहून वहीशेजारी ठेवायला हवं होतं. अडचण होती इथे बी नसण्याची, प्रस्ताव होता तिथे गर काढण्याचा. कारखाना उत्तम चालला असता, चीनने गराला सोन्याचा भाव दिला असता, तरी इथल्या शेडमध्ये एक पोतं वाढलं नसतं. जुन्या बाईंनी हे दहा बिया फोडून होईपर्यंत ओळखलं होतं.

दादाने ऑगस्टऐवजी नोव्हेंबरमध्ये जायला हवं होतं. हंगाम नसताना बंदर बघणं म्हणजे मे महिन्यात मासळी बाजार बघून पावसाळ्याचा अंदाज बांधण्यासारखं. लिलावाच्या दिवशी गोदामाबाहेर दोन तास उभा राहिला असता तरी शेतकऱ्यांचा सूर कळला असता.

माझ्या पेन्सिलीच्या खुणांनी आम्हाला चीन समजला, पण त्यात पंधरा दिवस गेले. टांझानियाचं काजूचं धोरण वाचायला दोन संध्याकाळी लागल्या आणि त्या मी सगळ्यात शेवटी दिल्या. क्रम उलटा हवा होता.

दुसऱ्या पर्यायाकडे, म्हणजे चौघांनी मिळून थेट कंटेनर आणण्याकडे, आम्ही नीट पाहिलंच नाही. समितीत त्यावर पाच मिनिटं चर्चा झाली आणि "आपल्याकडे चार माणसं एकत्र येतात कुठे" असं म्हणून विषय सोडला. २०१८ मध्ये तोही फसला असता, पण २०१९ च्या अखेरीला टांझानियात लिलाव पुन्हा सुरू झाले होते आणि तेव्हा आमच्याकडे कुणीच तयार नव्हतं.

राहिली बायकांची बाजू. शेड बंद असलेले तीन महिने त्यांना काहीच दिलं नाही. दादाचं म्हणणं, कुठून देऊ, सात लाख अडकलेत. हिशेब मी नंतर मांडला: अर्धी मजुरी दिली असती तर गेलेल्या चार लाखांपेक्षा थोडीशीच जास्त पडली असती. एप्रिलमध्ये शेड उघडली तेव्हा ३८ पैकी २७ परत आल्या. गेलेल्या अकरा जणींत सगळ्यात जलद फोडणाऱ्या चौघी होत्या. दोघी गोव्यात हॉटेलात लागल्या, बाकीच्यांचं मी विचारलं नाही. नव्या मुलीला अख्खा गर न तुटता काढायला शिकायला सहा महिने जातात. तोवर तुकडा जास्त निघतो आणि तुकड्याला भाव कमी.

जुन्या बाई अजून आहेत. गेल्या डिसेंबरात मंगळूरहून पोती आली, त्यांवर मत्वाराचा छाप होता. त्यांनी दहा बिया फोडल्या. आठ पांढरे निघाले.